ओसीटी नॉर्मल आहे, मग मुलाला अंधारात का दिसत नाही?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीत. लहानपणापासून त्याला अंधारात कमी दिसतं. गेल्या अनंत चतुर्दशीला झांक्या बघून परत येताना राजवाड्यामागच्या एका गल्लीत वीज गेली, तेव्हा तो बहिणीचा हात सोडेना. दिवसा काही त्रास नाही. चष्म्याचा नंबर मायनस सहा आहे. माझ्या भावालाही लहानपणापासून असंच आहे. त्याची पन्नाशी उलटली, रात्री गाडी चालवत नाही, पण पेपर वाचतो, नोकरी करतो. डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासला, ओसीटी म्हणजे पडद्याचं स्कॅन केलं, दोन्ही जवळजवळ नॉर्मल आहे म्हणाले आणि ईआरजी करून या म्हणाले. पण कुणीतरी मुलाच्या डोक्यात भरवलंय की त्यात डोळ्यात तार घालून शॉक देतात. तो काही केल्या तयार नाही. माझ्या नणंदेचा मुलगा सिएटलला असतो. तो सांगतो की तिथल्या विद्यापीठात डोळ्याला हातही न लावता, नुसत्या प्रकाशाने पडदा काम करतो की नाही ते बघतात, त्याला ऑप्टोरेटिनोग्राफी म्हणतात. उन्हाळ्यात मुलाला घेऊन या म्हणतोय. न्यावं का? खर्च मोठा आहे, पण मुलाच्या डोळ्यांपुढे पैसा काय. सासूबाई म्हणतात, हे तुमच्या माहेरचं आहे. मुलीसाठी स्थळं बघतोय, ती काळजी वेगळीच.

उत्तर

ताई, सिएटलला नेऊ नका. मुलाची ईआरजी करा, म्हणजे प्रकाश पडल्यावर पडद्यात निर्माण होणारी सूक्ष्म वीज मोजणारी तपासणी; ती आपल्याकडे होते आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याची शक्यता तिच्यातच जास्त आहे. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं आहे. मी रेटिना विभागात टेक्निशियन म्हणून अशा तपासण्या करण्यात बरीच वर्षं घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पत्रावरून निदान करणार नाही, तसं कुणीच करू नये. पण तुमच्या पत्रात काही गोष्टी अशा आहेत की त्या वाचून मी ईआरजीचा आग्रह जास्तच धरते आहे.

आधी ओसीटीबद्दल. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गटाने ही पद्धत मांडली आणि आज ती जवळजवळ प्रत्येक मोठ्या नेत्रालयात आहे. पडद्याचे थर तिच्यात उभ्या छेदासारखे दिसतात. कुठे सूज आहे, कुठे पाणी साठलंय, कुठला थर विरळ झालाय, हे ती फार छान दाखवते. पण तो थर काम करतोय का, हे नेहमीची ओसीटी सांगत नाही. शिवाय आपण साधारणपणे पडद्याच्या मधल्या भागाचीच ओसीटी काढतो. अंधारात पाहण्याचं काम करणाऱ्या दंडपेशी, म्हणजे रॉड, जास्त करून त्या मधल्या भागाच्या बाहेर असतात. दंडपेशी बारा कोटींच्या आसपास, आणि दिवसा, रंगांत, बारकाईने पाहणाऱ्या शंकुपेशी, म्हणजे कोन, साधारण साठ लाख. तेव्हा ‘ओसीटी नॉर्मल’ याचा अर्थ ‘मधला भाग दिसायला ठीक आहे’ एवढाच घ्या. मुलाची तक्रार खोटी आहे किंवा तो घाबरट आहे, असा तर मुळीच घेऊ नका. हे मुद्दाम लिहिते, कारण रिपोर्ट नॉर्मल आला की घरातली माणसं मुलावरच संशय घेतात.

आता भाच्याने सांगितलेली तपासणी. त्याने काही चुकीचं सांगितलेलं नाही. डोळ्यांच्या संशोधनात हल्ली जे चाललंय त्यातल्या मला सगळ्यात सुंदर वाटणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे. शंकुपेशीवर प्रकाश पडला की तिचं बाहेरचं टोक, ज्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य असतं, ते आधी काही मिलिसेकंदांत किंचित आखडतं आणि मग हळूहळू लांबतं. प्रकाश टिपण्याची रासायनिक साखळी सुरू झाली की पेशीत पाणी शिरतं आणि त्यामुळे टोक लांबतं, असं मानलं जातं. किती लांबतं? फार तर काही शे नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. नेहमीच्या ओसीटीला एवढा फरक दिसूच शकत नाही. पण पेशीच्या टोकाच्या दोन बाजूंवरून परत येणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींच्या मागेपुढे किती सरकल्या हे मोजलं, तर हा इवलासा बदल पकडता येतो. जर्मनीत ल्युबेकच्या गटाने २०१६ मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्यात हे करून दाखवलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या गटाने तर प्रत्येक शंकुपेशी कशी प्रतिसाद देते यावरून तिचा प्रकार ओळखला, रंग पाहणाऱ्या तिन्ही प्रकारच्या पेशी एकेक करून. भाच्याच्या सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात रामकुमार सबेसन यांचा गट यावर काम करतो. २०२० मध्ये त्यांनी या सुरुवातीच्या आखडण्याचं आणि लांबण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. मोजण्यासाठी वापरलेला प्रकाश अवरक्ताजवळचा असतो, डोळ्याला तो जेमतेम जाणवतो, म्हणून मोजणाऱ्या प्रकाशानेच पेशी जाग्या होत नाहीत. उत्तेजनासाठी वेगळा, दिसणारा प्रकाश टाकतात.

हात न लावता म्हणजे आरामात, असंही नाही. आपण कितीही टक लावून पाहिलं तरी डोळा सतत बारीक थरथरत असतो. एकेक पेशी वेगळी दिसायची तर ती थरथर भरून काढावी लागते, आणि डोळ्याच्या भिंगातले बारीकसारीक दोषही. या दोषांसाठी खगोलशास्त्रातून आलेलं लवचिक आरशांचं तंत्र वापरतात. रॉचेस्टर विद्यापीठाने १९९७ मध्ये ते माणसाच्या डोळ्यासाठी वापरून एकेक शंकुपेशी दाखवली होती. अशा प्रयोगांत डोकं हलू नये म्हणून अनेकदा दातांचा साचा घेऊन तो चावून धरायला लावतात. पडद्याचा जो तुकडा मोजला जातो तो अगदी छोटा असतो. आणि जे मोजलं जातं ते प्रयोगशाळेचं संशोधन असतं. त्यातून हातात घेऊन इंदूरच्या डॉक्टरांना दाखवावा असा रिपोर्ट मिळेल, हे धरून चालू नका.

पण मी ‘नेऊ नका’ म्हणते त्याचं खरं कारण खर्च नाही, दातांचा साचाही नाही.

पडद्यात प्रकाश टिपणारी पेशी ही पहिली पायरी. तिने टिपलेलं पुढच्या बायपोलर पेशीकडे जातं, तिथून पुढे, आणि मग दृष्टीच्या नसेतून मेंदूकडे. रातांधळेपणाचे दोन मोठे गट आहेत आणि त्यांत घोटाळा होतो. एकात दंडपेशीच हळूहळू मरत जातात. रेटिनायटिस पिगमेंटोसा, लोक ज्याला आर.पी. म्हणतात, तो त्यातलाच. यात आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं दिसणं कमी होत जातं, आजार वाढत जातो. दुसऱ्या गटात पेशी मरत नाहीत. जन्मापासून रात्री दिसत नाही आणि ते तेवढंच राहतं, आयुष्यभर फारसं वाढत नाही. याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत प्रकाश टिपणारी पेशी आपलं काम करते, पण तिचा निरोप पुढच्या पेशीपर्यंत नीट पोचत नाही. या मुलांना बऱ्याचदा मोठा मायनस नंबर असतो. पडदा आणि ओसीटी जवळजवळ नॉर्मल दिसतात. आणि याचा एक प्रकार आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामालाही तोच त्रास असू शकतो.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. लहानपणापासून. मायनस सहा. पडदा नॉर्मल. मामाला तसंच, आणि पन्नाशीनंतरही मामा पेपर वाचतो, नोकरीवर जातो.

हाच तो आजार, असं मी म्हणत नाही. आर.पी.सुद्धा आईकडून येऊ शकते आणि सुरुवातीला पडदा बरा दिसू शकतो. पण दोन्ही शक्यता समोर असताना त्यांतली कुठली, हे ठरवणं हेच पहिलं काम आहे. आणि ऑप्टोरेटिनोग्राफी आज प्रामुख्याने मोजते ती पहिली पायरी, पेशीचं ते लांबणारं टोक, तेही जास्त करून शंकुपेशींचं. तुमच्या मुलाचा दोष पुढच्या पायरीवर असेल, तर सातासमुद्रापार जाऊन तुम्हाला उत्तर मिळू शकतं की पेशी छान प्रतिसाद देताहेत. मुलगा तसाच अंधारात चाचपडत राहील आणि तुमच्या हातात आणखी एक ‘नॉर्मल’ येईल.

ईआरजी हे वेगळं करते. प्रकाशाचा झोत पडला की पडदा वीज निर्माण करतो, अगदी सूक्ष्म, ती आलेखावर उतरते. १८६५ मध्ये स्वीडनमधल्या होल्मग्रेन यांनी बेडकाच्या डोळ्यात ती पहिल्यांदा टिपली. या आलेखात आधी एक खाली जाणारी लाट येते, ए-वेव्ह, ती प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. मग वर जाणारी मोठी लाट, बी-वेव्ह, ती मुख्यतः बायपोलर पेशींची. आर.पी.मध्ये दोन्ही खचतात, आधी अंधारातल्या. निरोप अडकलेला असेल तर भरपूर प्रकाशाच्या झोताला ए-वेव्ह चांगली येते आणि बी-वेव्ह वर चढतच नाही. असा आलेख शुबर्ट आणि बोर्नशाइन यांनी १९५२ मध्ये नोंदवला, आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कागदावरच्या एका रेघेत दोन पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात, आणि त्याही पूर्ण पडद्याच्या. तुम्हाला आज नेमकं हेच हवं आहे.

आता मुलाच्या भीतीचं. हे पुढचं त्यालाच वाचायला द्या.

बाळा, शॉक नसतो. यंत्र तुझ्या डोळ्यात वीज सोडत नाही, तुझ्या डोळ्यातून येणारी मोजतं. आधी थेंब घालून बाहुली मोठी करतात. मग किमान वीस मिनिटं पूर्ण अंधारात बसायचं. अंधाराची तुला धास्ती असेल तर आईला किंवा ताईला शेजारी बसवून घे, आधी सांगून ठेवलं की चालतं. मग मंद लाल दिव्यात डोळा बधिर करायचे थेंब घालतात आणि खालच्या पापणीच्या कडेने एक बारीक धागा ठेवतात. नायलॉनचा, चांदीचा मुलामा दिलेला. दोन टोकं नाकाजवळ आणि कानशिलाकडे चिकटवतात. थेंबांमुळे टोचत नाही, सुरुवातीला डोळ्यात पापणीचा केस गेल्यासारखं वाटतं, तेही थोड्या वेळात जातं. कपाळावर किंवा कानाजवळ एक-दोन चकत्या लावतात, थोडी पेस्ट घासून. मग एका पांढऱ्या गोल भांड्यासमोर हनुवटी टेकवायची. पहिले झोत इतके मंद असतात की आला की नाही अशी शंका यावी. मग मोठे. मग भांडं उजळतं, दहा मिनिटं त्या उजेडात बसायचं, आणि शेवटी सेकंदाला तीस वेळा लुकलुकणारा दिवा. तुझं काम फक्त समोर बघणं आणि झोताच्या वेळी पापणी न मिटणं. एवढंच आहे ते सगळं.

तरीही धागा नकोच असेल, तर खालच्या पापणीखाली कातडीवर चिकटवायचे इलेक्ट्रोड असतात. लहान मुलांना आम्ही बऱ्याचदा तेच लावायचो. लाट लहान येते, पण बी-वेव्ह वर चढते की नाही हे कळायला बहुधा पुरते. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, सगळीकडे ते नसतात. आणि दुसरं विचारा की अंधारातली, म्हणजे डार्क अ‍ॅडॅप्टेड, ईआरजी पूर्ण करणार ना. ती गाळून नुसती उजेडातली केली तर तुमच्या मुलासाठी अर्धं उत्तर हरवलं. त्याच दिवशी आधी पडद्याचे फोटो किंवा तेज दिव्याची तपासणी करू नका, करायचीच तर ईआरजी झाल्यावर. रिपोर्टवरच्या एका वाक्यावर समाधान मानू नका, मूळ आलेख मागून घ्या. तपासणीनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि बधिर डोळा चोळला तर ओरखडा पडतो, तेव्हा त्याला दुचाकीवर मागे बसवूनसुद्धा नेऊ नका, रिक्षा करा.

ईआरजीच्या आधी रक्तातलं जीवनसत्त्व अ एकदा तपासून घ्या. पोटाचा किंवा यकृताचा आजार असेल तर चांगल्या घरातल्या मुलातही ते कमी होऊ शकतं, आणि तो रातांधळेपणा औषधाने बरा होतो. त्याच्यासारखा मामाही असल्यामुळे तुमच्याकडे ते कारण कमी संभवतं, पण तपासणी सोपी आहे, चुकवू नका. स्वतःच्या मनाने मोठ्या डोसच्या गोळ्या मात्र चालू करू नका, जीवनसत्त्व अ अति झालं तर यकृतावर बेततं.

आता माहेरचं. सासूबाईंचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या कदाचित खरं असेलही, पण त्यात तुमचा दोष कुठे आला? दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर असा बदल घेऊन बाई बहुधा निरोगी डोळ्यांनी जगते, बऱ्याचदा तिला कळतही नाही. तिच्या प्रत्येक मुलाला तो आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीने तो बदल पुढे वाहून नेण्याची शक्यताही निम्मी. तुमच्या भावाला मुली असतील तर त्या सगळ्यांकडे तो गेलेला असेल, मुलांकडे एकाकडेही नाही. काही घरांत मामाच्या मुलीशी लग्न जमवतात. तुमच्याकडे तसा विषय कधी निघाला तर हे लक्षात ठेवा, तिथे मुलींनाही आजार होऊ शकतो. हे सगळं अर्थात आजार एक्स गुणसूत्रावरचा निघाला तर.

मुलीच्या लग्नाचं मी स्पष्टच सांगते. लपवू नका, आणि घाईने बोलूही नका. आज तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नक्की नाहीच. आधी मुलाची ईआरजी, मग त्याची जनुकीय तपासणी. आजारी माणसाचा बदल सापडला की तोच नेमका बदल बहिणीत शोधणं सोपं होतं. आधी बहिणीची तपासणी केली तर ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थच लागत नाही. आणि तपासायचं की नाही, हे तिने ठरवायचं. ती सज्ञान असेल तर तुम्हीसुद्धा तिच्या वतीने ठरवू नका.

जनुकीय तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांच्याकडे याचे स्वतंत्र विभाग आहेत. सिएटलच्या तिकिटाच्या पैशांतून थोडे बाजूला काढायचेच असतील तर इकडे काढा. कारण पुढे कधी उपचार आलाच, तर तो बहुधा आजाराच्या नावावर नाही, जनुकाच्या नावावर येईल. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये पडद्याच्या आनुवंशिक आजारावरची पहिली जीन थेरपी मंजूर झाली, तीही फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषासाठी. तिथेच ऑप्टोरेटिनोग्राफीची खरी गरज लागणार आहे. इंडियानाच्याच गटाने २०२१ मध्ये आर.पी. असलेल्यांचे डोळे तपासले, तेव्हा जागेवर दिसणाऱ्या शंकुपेशींचाही प्रतिसाद निरोगी डोळ्यांपेक्षा कमी आढळला. उपचार दिल्यावर पेशी सुधारतेय का, हे तक्त्यावरची अक्षरं वाचून कळायला फार काळ जातो. एकेका पेशीचं मोजमाप ते लवकर सांगू शकेल. म्हणून हे काम पुढे जावं असं मला मनापासून वाटतं, आणि तुमच्या मुलाचं निदान तसं निघालं तर काही वर्षांनी तो स्वतः अशा संशोधनात भाग घेईलही.

तोवर मुलाशी मोकळेपणाने बोला. बारावीनंतर काय करायचं याचा विचार चालू असेल. ज्या नोकऱ्यांत रात्री नीट दिसण्याची अट असते, सैन्य, विमान, रेल्वेचं इंजिन, त्यांचे फॉर्म भरण्याआधी ईआरजी होऊ द्या, म्हणजे दोन वर्षं तयारी करून शेवटी वैद्यकीय तपासणीत अडकायला नको. दिवेलागणीनंतर त्याने स्कूटर चालवू नये. मित्रांना सांगायला लाजत असेल तर एखाद्या तरी मित्राला सांगू दे.

आणि जमलं तर त्याच दिवशी भावालाही ईआरजीला बोलवा. एकाच घरातले एकाच त्रासाचे दोन आलेख, एक १७ वर्षांच्या मुलाचा आणि एक पन्नाशीपुढच्या माणसाचा, शेजारी ठेवले की आजार वाढणारा आहे की थांबलेला, हे सांगायला डॉक्टरांना जी मदत होते ती कुठल्याही नव्या यंत्राने होत नाही. अपॉइंटमेंट दोघांची मागा, आणि भावाचे जुने चष्म्याचे आणि डोळ्यांचे कागद असतील तर तेही घेऊन यायला सांगा.